फ्लेक्सवरची सिस्टर

ज्या सिस्टरला आमचं हॉस्पिटल कामावरून काढायला निघालं होतं, तिचाच माणसाएवढा फोटो हॉस्पिटलनं आपल्या हातानं फाटकावर टांगला. ही गोष्ट सांगायला बसले की मला आधी हसू येतं. घरचे म्हणतात, आधी मनसोक्त हसून घे, मग सांग. तर हसून झालंय, आता सांगते.

मी कुंभकोणममधल्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. केस पांढरे झाले तरी तिथंच आहे, आणि तिथल्या नर्सांच्या युनियनची अध्यक्षही आहे. अध्यक्ष का, तर माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. बाकी कुणाला हे पद नको होतं, हे दुसरं कारण. आमचं घर मराठी, तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी. उंबऱ्याबाहेर सगळा कारभार तमिळमध्ये आणि घरात आमची मराठी. सून पुण्याची आहे. पहिल्या दिवशी आमचं बोलणं ऐकून तिला वाटलं, सासू-सासरे ऐतिहासिक नाटकाची तालीम करतायत. हे लिखाण तिनंच तपासलंय, म्हणून तुम्हांला ते सरळ वाचता येतंय. हॉस्पिटलातलं सगळं बोलणं खरं तर तमिळमधलं, ते मी आपल्या मराठीत आणलंय.

तर झालं असं. आमच्याकडे पुरुषांचा एक मोठा वॉर्ड आहे. तिथं दर पाळीला दोन सिस्टर असायला हव्यात. असतातही, पण दुसरी कुठे ना कुठे पळवली जाते. कधी ओपीडीत गर्दी झाली म्हणून, कधी बिलिंगची मुलगी आली नाही म्हणून. त्या दुपारी ती पळवली गेली स्वागताला. डायालिसिसच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि कुणी बडे पाहुणे येणार होते. आमच्याकडे पाहुणा आला की दारात बायकांनी तबक घेऊन उभं राहायचं. तबकात चंदन, कुंकू, खडीसाखर, आणि हातात गुलाबदाणी. येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडायचं. लग्नात हे फार छान दिसतं. पण हॉस्पिटलात ते काम कुणाच्या गळ्यात, तर नर्सांच्या. कारण आम्ही बायका, आम्ही स्वच्छ कपड्यांतल्या, आणि आम्ही हाकेला हजर. मॅनेजर स्वतः वॉर्डात आला आणि दोघींपैकी जी हसरी होती तिला घेऊन गेला.

मागे उरली ती नाचियार्कोविलची. तिला मी तशीच म्हणते, कारण रोज त्या गावाहून बसनं येते. तिच्या घरी पितळेच्या समया ओततात. बाप ओततो, आई घासते. नर्स झालेली घरातली ती पहिलीच. कामात चोख, बोलायला कमी, आणि कुणी रागावलं की लगेच डोळ्यांत पाणी. त्या दुपारी भरलेला वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर होता. पार टोकाच्या बेडवर एकाला धाप लागली. ती त्याला टेकून बसवून, ऑक्सिजनचा मास्क तोंडावर दाबून उभी होती. तेवढ्यात दारालगतच्या बेडवरच्या आजोबांना लघवीला जायचं होतं. हे आडुतुरैचे, तिथल्या भाताच्या संशोधन केंद्रात जन्मभर काम केलेले, तापानं अशक्त झालेले. त्यांनी हाक मारली. ती म्हणाली, "अय्या, थोडं थांबा, आलेच." मास्क सोडता येईना. आजोबा उठले, दोन पावलं चालले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

खाली त्याच वेळी टाळ्या वाजत होत्या.

आजोबांचं ऑपरेशन झालं, नीट झालं. पण ते पडले याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवं होतं, आणि ते डोकं आधीच ठरलं होतं. मॅनेजरनं तिला बोलावून मेमो दिला. पेशंटकडे दुर्लक्ष, निष्काळजीपणा, वगैरे. चौकशी होईल, तोपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, चादरींच्या खोलीत बसून घड्या घालायच्या. वर, इकडे पोरीबाळींनाही अम्माच म्हणतात, तसं प्रेमानं सांगितलं, "चौकशी कशाला ओढवून घेतेस अम्मा? राजीनामा लिहून दे आणि शांतपणे जा. मी वाईट काही बोलणार नाही."

ती माझ्याकडे आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. सगळं ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा तसाच बंद केला. मी विचारलं, "राजीनामा दिलास का?" तिनं मान हलवली, नाही. "मग रडतेस कशाला?" मी अशीच आहे. कुणी रडायला लागलं की मला पोटातून तुटतं आणि तोंडातून ओरडा बाहेर येतो. मग ती म्हणाली, "अक्का, गावात सगळ्यांना कळलंय. म्हणतात, हिनं म्हाताऱ्याला पाडलं. आई नळावर जात नाही. देवळात जात नाही. दिवसभर समयाच घासत बसते."

म्हणजे प्रश्न नुसत्या नोकरीचा नव्हता. ज्या सिस्टरनं पेशंट पाडला असं एकदा नाव झालं, तिला तंजावरपर्यंत कुठलं हॉस्पिटल घेणार नाही. आणि घेतलं तरी आईचं नळावर जाणं काही सुरू होणार नाही. मला तिचं नाव परत हवं होतं. नुसतं परत नाही, धुऊन, इस्त्री करून परत हवं होतं.

आमच्या युनियनच्या बैठका हॉस्पिटलच्या गच्चीवर होतात. तिथं चादरी वाळत असतात, आणि त्यांच्या रांगांमध्ये आम्ही बसलो तर खालून कुणाला दिसत नाही. युनियन लहान आहे आमची. पण कपडे बदलायच्या खोलीला कडी आम्हीच लावून घेतली. प्यायच्या पाण्याचं यंत्र आमच्या मजल्यावर आम्ही आणलं. गरोदर सिस्टरला जड सिलिंडर ओढायला लावणं आम्ही बंद पाडलं, त्या वेळी मी इतकी ओरडले होते की ओपीडीतले पेशंट उठून उभे राहिले. त्यामुळे त्या दिवशी सगळ्याजणी माझ्याकडे आशेनं पाहत होत्या, आणि माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

"संप करू," एक म्हणाली. "सगळ्याजणी बाहेर जाऊन फाटकावर बसू."

"आणि वॉर्डात कोण बसेल?" मी विचारलं. "आजोबा? मोडलेला खुबा घेऊन?"

गुलाबदाणीवाली, म्हणजे त्या दुपारी जिला खाली नेलं होतं ती, म्हणाली, "अक्का, आपण बाहेर गेलो की ते म्हणणारच, पाहा, या अशाच पेशंटला टाकून जातात. तिच्यावरचा आरोपच खरा होईल."

ती बरोबर बोलत होती आणि मला त्याचाच राग आला. बाहेर जाता येत नाही आणि आत राहून कुणी ऐकत नाही, तर मग करायचं काय? काही न ठरवता आम्ही उठलो. 

संध्याकाळी घरी आले तर आमचे 'हे' टाळ पुसत बसलेले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून विठ्ठल आणि टाळ ही दोनच कामं. आमच्यातली बरीच मंडळी भजनाला मरुदानल्लूरला जातात, हेही जातात. माझं तोंड पाहून म्हणाले, "काय झालें गे? कोणाशीं भांडून आलीस?"

"भांडायाला कोण्ह मिळालें नाहीं, तेंच तर दुःख," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

ते टाळ पुसत राहिले. मला वाटलं ऐकतच नाहीत. मग म्हणाले, "अखंड नामाला अम्हीं कसें करतों, तुला ठाऊक अहे नोव्हे?"

ठाऊक होतं. अखंड नामाला रात्रंदिवस भजन चालतं, गाणाऱ्यांच्या तुकड्या बदलतात, पण नाम थांबत नाही. नवी तुकडी येऊन बसते, टाळ धरते, सूर धरते, आणि तो नीट धरला गेला की मगच जुनी तुकडी उठते. मध्ये एका श्वासाचीही फट पडू द्यायची नाही.

"आणि पुढली तुकडी आली नाहीं तर?" ते म्हणाले. "त्या वर्षीं त्यांची बस चुकली. अम्हीं होतों तितके अस्किजण गातच बसलों. गळा गेला, पण उठलों नाहीं. पुढल्यानें धरल्याविना सोडायचें नोको, इतकेंच."

मी उभीच राहिले. मग ओरडले. आनंदानं ओरडले, पण यांच्या हातातले टाळ खाली पडले.

आमच्या कामात हँडओव्हर म्हणून एक गोष्ट असते. पाळी संपली की जुनी सिस्टर नव्या सिस्टरला घेऊन बेडामागून बेड फिरते. याला काय झालं, याला कुठलं सलाईन, याच्यावर लक्ष ठेव. नवीनं ऐकलं, पाहिलं, हो म्हटलं, की वॉर्ड तिचा झाला. तोवर तो जुनीचाच. हे आम्हांला शिकतानाच घोटून घोटून शिकवतात. म्हणजे नियम आमच्या हातातच होता! पुढल्या पाळीला एकटीच आली, तर एकटीच्या हाती वॉर्ड द्यायचाच नाही. दोघी येईपर्यंत जुनी थांबणार. बाहेर जायचं नाही, उलट आतच राहायचं. घरी जायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सांगितलं. मग एक म्हणाली, "अक्का, हा संप आहे की शिक्षा?" पण हसत म्हणाली. आम्ही आलटून पालटून थांबायचं ठरवलं, लहान मुलं असलेल्यांना वगळलं. मॅनेजरला एका ओळीत लिहून दिलं की कुठलाही वॉर्ड एकट्या सिस्टरच्या स्वाधीन करणार नाही, दुसरी येईपर्यंत आम्ही थांबू. त्यानं तो कागद घेतला, "बरं बरं" म्हणाला आणि टेबलावरच्या पंख्याखाली ठेवला. वाचला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण नर्सांनी दिलेला कागद वाचायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि मग आमचं हॉस्पिटल बदलून गेलं. काय सांगू! पाय दुखायचे, पोटऱ्या दगड व्हायच्या, घरी भांडणं व्हायची, ते सगळं खरं. पण वॉर्डात कधी नव्हे त्या पुरेशा सिस्टर होत्या. हाक मारली की कुणीतरी पोचत होतं. सलाईन संपायच्या आत बदललं जात होतं. कुशी बदलायच्या पेशंटच्या कुशी बदलल्या जात होत्या. आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा जसं काम करायचं स्वप्न पाहिलं होतं, तसं काम मी माझ्या म्हातारपणी पहिल्यांदा करत होते. मला तर थकवाच येईना. पेशंटचे नातेवाईक आम्हांला इडल्या आणून द्यायला लागले. "इतके दिवस कुठं होतात सिस्टर?" असं एका बाईनं विचारलं, तेव्हा आम्ही दोघी-तिघी तोंड फिरवून हसलो.

मॅनेजर राऊंडला आला. भरलेला वॉर्ड पाहून थबकला. पाळी संपलेल्या सिस्टर घरी का गेल्या नाहीत म्हणून त्यानं विचारलं नाही. त्याच्या मनात भलतंच आलं. आजोबा पडल्यामुळे आम्ही घाबरलोय आणि पश्चात्तापानं जादा काम करतोय, असं त्यानं ठरवून टाकलं. डोळे पाणावले होते हो त्याचे, खोटं सांगत नाही. "असंच पाहिजे," म्हणाला. "हीच खरी सेवा." आणि खिशातून मोबाईल काढून फोटो काढायला लागला.

त्याच वेळी नाचियार्कोविलची धुतलेल्या चादरी द्यायला दारापर्यंत आली होती. तिला आत यायची मनाई. पण दाराजवळचा बेड आडुतुरैच्या आजोबांचाच. ऑपरेशननंतर ते पुन्हा आमच्याच वॉर्डात होते. त्यांनी तिला पाहिलं आणि हात पुढे केला, "ये अम्मा, ये." ती चादरी कडेवर धरून पुढे झाली. आजोबांनी तिचा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि मॅनेजरच्या मोबाईलमध्ये तेच हसू उतरलं. ती कोण हे त्याला कळलं असेल का? मला विचाराल तर नाही. मेमो देताना त्यानं कागदाकडे पाहिलं होतं, तिच्याकडे नाही.

आमच्या गावात कुठलीही गोष्ट फ्लेक्स लागल्याशिवाय खरी होत नाही. बारसं असो, लग्न असो, कुणाचं निवडून येणं असो, फ्लेक्स हवाच. आठवडा संपायच्या आत आमच्या फाटकावर फ्लेक्स चढला आणि दुसरा बसस्टँडच्या कोपऱ्यावर. मी सकाळी बसमधून उतरले, वर पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिले. मधोमध नाचियार्कोविलची, आजोबांचा हात हातात घेऊन हसतेय. मागे आम्ही सगळ्या, मी डोळे मिटलेली. आणि वर मोठ्या तमिळ अक्षरांत लिहिलेलं: "आमच्या प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक वेळी, एकाहून अधिक सिस्टर. तुमच्या माणसाजवळ आमचं माणूस."

मी तिथं रस्त्यात हसत सुटले. फुलवाली म्हणाली, "काय झालं अम्मा?" मी म्हटलं, "काही नाही, आज दोन मोळं मल्लिगै जास्त दे." हातानं मोजून दिलेली ती मोगऱ्याची फुलं घेऊन मी वर गेले आणि सगळ्यांच्या केसांत माळली.

गुलाबदाणीवाली म्हणाली, "मॅनेजरला सांगायला हवं ना अक्का, की हिलाच तुम्ही काढताय?"

"खबरदार," मी म्हटलं. "कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. चौकशीपर्यंत तो फ्लेक्स तिथंच राहिला पाहिजे."

मला आयुष्यात एखादी गोष्ट पोटात ठेवणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

चौकशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत झाली. हॉस्पिटल त्यांचं. माणूस वाईट नाही, पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जग असतं हे त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं. ते मध्ये, मॅनेजर बाजूला. समोर नाचियार्कोविलची, तिच्याबरोबर युनियनतर्फे मी, आणि साक्षीला गुलाबदाणीवाली. तिच्याकडे मी पाहिलं तर ओठ पांढरेफटक.  मी रात्री भाषण पाठ केलं होतं, चांगलं जळजळीत. आमच्या 'ह्यां'ना ते दोनदा ऐकावं लागलं होतं.

ते भाषण द्यायची वेळ आलीच नाही. दार उघडलं आणि व्हीलचेअरवरून आजोबा आत आले. खुर्ची त्यांची लेक ढकलत होती. मॅनेजर म्हणाला, "तुम्हांला बोलावलं नव्हतं." लेक म्हणाली, "म्हणून तर आलो."

आजोबा मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, ही मला थांबा म्हणाली होती. मी थांबलो नाही. एका पोरीनं मला धरून लघवीला न्यायचं याची मला लाज वाटत होती. ती त्या माणसाच्या तोंडावर मास्क धरून उभी होती, म्हटलं ती यायच्या आत जाऊन येऊ. चूक माझी. पण मला धरायला दुसरं कुणी असतं तर मी पडलो नसतो."

मोठे डॉक्टर मॅनेजरकडे वळले. "ही एकटी का होती? वॉर्डात दोघी असतात ना?"

मॅनेजरनं कागद चाळले.  मी तोंड उघडणार इतक्यात माझ्या शेजारून आवाज आला. गुलाबदाणीवाली उभी राहिली होती. 

"दुसरी मी, डॉक्टर. मी खाली फाटकावर होते. गुलाबपाणी शिंपडत होते." मग थांबून म्हणाली, "तुमच्यावरही शिंपडलं होतं."

 मोठ्या डॉक्टरांचा हात आपोआप स्वतःच्या शर्टाच्या खांद्याकडे गेला. मला वाटतं, त्यांना तो ओला थेंब आठवला. जी आपल्यावर पाणी शिंपडतेय, ती आत्ता कुठे असायला हवी होती, हा विचार त्यांना त्या क्षणापर्यंत शिवला नसावा. मी माझं सगळं भाषण गिळलं. त्याहून चांगलं मला बोलता आलं नसतं, आणि गप्प बसायची अक्कल मला त्या दिवशी कुठून आली देव जाणे.

पण मॅनेजर हार मानेना. म्हणाला, "तरी नातेवाइकांत चर्चा झालीये सार. कुणावर तरी कारवाई केलेली दिसायला हवी."

तेव्हा आजोबांची लेक म्हणाली, "कुणावर? हिच्यावर? हिचा तर तुम्ही फाटकावर फोटो लावलाय. मी बाबांना दुसरीकडे हलवणार होते. फ्लेक्स पाहिला, हिचा हात बाबांच्या हातात पाहिला, म्हणून ठेवलं. बाहेर ज्या सिस्टरला दाखवता, आत तिलाच काढता?"

मोठे डॉक्टर उठले, खिडकीशी गेले. तिथून फ्लेक्सची पाठ दिसते, पुढची बाजू दिसत नाही. त्यांनी मोबाईलवर फोटो मागवला. पाहिला. मग समोरच्या मुलीकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी मोठे डॉक्टर मला म्हणाले, "तो फ्लेक्स काढायला सांगतो."

"काढा की," मी म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्या इमारतीत कधी बोलले नव्हते. "उद्या अख्खं गाव विचारेल, का काढला? दोन सिस्टर नाहीत का आता? नाहीतर राहू द्या, आणि लिहिलंय ते खरं करा. आम्ही आठवडाभर, पाळी संपली तरी थांबून, ते खरं करून दाखवलंय. आता तुम्ही करा."

त्यांनी ते खरं केलं. लगेच नाही, कुरकुरत केलं, पण केलं. नव्या सिस्टर घेतल्या. कुठलाही वॉर्ड कुठल्याही पाळीत एकटीवर सोडायचा नाही आणि वॉर्डातल्या सिस्टरला स्वागताला न्यायचं नाही, हे लिहून दिलं. मेमो मागे घेतला. मी म्हटलं, मेमो दिला तेव्हा सगळ्यांना कळलं होतं, मागे घेतला हेही सगळ्यांना कळू द्या. म्हणून मोठे डॉक्टर स्वतः वॉर्डात आले आणि पेशंट, नातेवाईक, झाडूवाल्या, सगळ्यांसमोर म्हणाले की या सिस्टरची काही चूक नव्हती, चूक हॉस्पिटलची होती. आजोबांनी बेडवरून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वॉर्डनं वाजवल्या. मी रडले. मी कधी रडत नाही, पण रडले, आणि नाचियार्कोविलची मला म्हणाली, "रडता कशाला अक्का?" शिकली होती माझ्याकडून.

पुढल्या समारंभाला फाटकावर तबक धरून मॅनेजर स्वतः उभा होता. गुलाबदाणी किती तिरकी करायची हे त्याला कळेना. पाहुण्यांना त्यानं अंघोळच घातली. आम्ही वॉर्डाच्या खिडकीतून पाहत होतो, दोघी दोघी.

त्या दिवशी माझी पाळी संपल्यावर मी नाचियार्कोविलचीला वॉर्ड दिला. बेडामागून बेड गेलो, ती आणि तिच्याबरोबरची दुसरी, दोघी ऐकत होत्या. शेवटच्या बेडशी दोघींनी एकदमच "हो अक्का" म्हटलं. नाम पुढल्यानं धरलं होतं. मी चपला घातल्या आणि उजेड असतानाच घरी गेले.

फ्लेक्सचे रंग उन्हानं उडत गेले. स्कॅनच्या नव्या मशीनची जाहिरात लावायची म्हणून फाटकावरचा उतरवला, तेव्हा तिनं तो मागून घेतला. मला वाटलं, गुंडाळून पेटीत ठेवील. पुढे एकदा तिच्या घरी गेले. अंगणात बाप कावेरीच्या वाळूचे साचे वाळवत होता, आणि साच्यांवर पाऊस येऊ नये म्हणून बांबूंवर तोच फ्लेक्स ताणून बांधला होता. पण उलटा. छपाईची बाजू खाली, पांढरी बाजू आभाळाला. मी म्हटलं, उलटा का बांधलात?

आई त्या फ्लेक्सखालीच बसून समई घासत होती. नुकतीच नळावरून आली होती, ओली कळशी दाराशी ठेवलेली. तिनं मान वर करून लेकीच्या त्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"आभाळाला दाखवून काय करू?" ती म्हणाली. "काम करताना मला दिसायला नको?"